‘वारे’ आणि ‘दाब’ : बीड जिल्ह्यातील पक्षाघात व हृद्रोग यांच्या किमतीचा इतिहास

१

एखाद्या समाजाने एखाद्या रोगास कोणते नाव दिले, यावरून त्या समाजाने त्या रोगाचे कारण कोठे शोधले हे पुष्कळदा कळून येते. मराठवाड्याच्या खेड्यांत पक्षाघात झालेल्या माणसाविषयी ‘त्याच्या अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याची रीत आहे. या वाक्प्रयोगाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात कर्ता आहे तो वारा. माणूस केवळ त्याच्या वाटेत सापडलेला. वारे कोठून आले, केव्हा उठले, त्यास अडविता आले असते काय, हे प्रश्न या वाक्यात उद्भवतच नाहीत. उलट, आधुनिक वैद्यकातून आलेला ‘रक्तदाब’ हा शब्द घेतल्यास कारण माणसाच्या शरीरात असल्याचे तो सांगतो, आणि दाब म्हटला म्हणजे तो मोजता येतो, वाढतो व कमीही करता येतो, हेही त्यात गृहीत धरलेले असते. ‘वारे’ आणि ‘दाब’ या दोन शब्दांमधील अंतर हे केवळ दोन वैद्यकपद्धतींमधील अंतर नव्हे. निरुपाय आणि उपाय यांमधील ते अंतर होय.

तथापि, नवा शब्द प्रचारात आला म्हणजे त्यामागील उपायही लोकांच्या हाती आला, असे घडत नाही. बीड जिल्ह्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला असता हेच दिसून येते. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही हृद्रोगाची व पक्षाघाताची कारणे आज ज्ञात आहेत, त्यांवरील औषधेही स्वस्त आहेत. असे असूनही ती आटोक्यात न ठेवल्याची किंमत येथील कुटुंबे मोजीत आहेत. ही किंमत कशी उत्पन्न झाली, आणि ती नेमकी कोणाच्या पदरी पडते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२

प्रथम जुन्या शब्दांकडे वळणे इष्ट होईल. आयुर्वेदात पक्षाघाताची गणना वाताच्या विकारांत केलेली आहे. पक्षवध, पक्षाघात, एकांगरोग ही त्याची संस्कृत नावे. केवळ तोंड वाकडे होते त्या विकारास ‘अर्दित’ असे निराळे नाव आहे. हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे पाच प्रकार चरकसंहितेत सांगितले आहेत, आणि प्रमेहाचे वीस. म्हणजे ज्या तीन दुखण्यांचा आज एकत्र विचार होतो, ती तीनही प्राचीनांना परिचित होती. परंतु ती एकमेकांची नातलग आहेत, ही कल्पना त्या वर्गीकरणात नाही. मराठीतील ‘अर्धांगवायू’ हा शब्द याच वातसिद्धांताचा वारस होय, आणि ‘अंगावरून वारे जाणे’ हे त्याचे लोकभाषेतील रूप.

दुसरी परंपरा युनानी वैद्यकाची. ‘फालिज’ आणि ‘लकवा’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. युनानी ग्रंथांत फालिज म्हणजे अर्ध्या अंगाचा पक्षाघात आणि लकवा म्हणजे चेहऱ्याचा; अर्थात संस्कृतातील पक्षवध आणि अर्दित यांच्यात जो भेद आहे तोच येथेही आहे. मराठीने यांतील ‘लकवा’ तेवढा उचलला आणि त्याचा अर्थ विस्तारून तो सबंध अंगास लावला. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अर्धांगवायू व लकवा हे दोन्ही शब्द सापडतात. ‘रक्तदाब’ त्यात सापडण्याचा संभव नव्हता. कारण माणसाच्या रक्ताचा दाब रुग्णाच्या उशाशी बसून मोजण्याचे साधनच तेव्हा निर्माण झालेले नव्हते.

बीड जिल्ह्यात या दोन परंपरांचा शेजार अधिक निकटचा होता, याचे कारण राजकीय आहे. १९४८ सालच्या १७ सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८८४च्या सुमारास संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठरले. परिणामी बीडच्या मराठी भाषकाला नवे वैद्यक भेटले तेही बव्हंशी परक्या भाषेच्या द्वारे. घरात अर्धांगवायू, हकिमाच्या दारी फालिज आणि सरकारी दवाखान्यात इंग्रजी नाव, अशी तिहेरी भाषा एकाच दुखण्यास प्राप्त झाली.

शिवाय, त्या काळातील सार्वजनिक आरोग्याचे लक्ष पटकी, प्लेग, देवी आणि हिवताप यांच्याकडे लागलेले होते, आणि ते योग्यच होते. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली हिवतापाच्या जंतूचा डासाच्या शरीरातील मार्ग शोधून काढला तो याच संस्थानातील सिकंदराबाद येथे. जेथे साथी आणि दुष्काळ यांनीच गावेच्या गावे ओस पडत, तेथे चाळिशी-पन्नाशीतील माणूस एकाएकी पडला तर त्याची नोंद ‘वारे गेले’ या दोन शब्दांपलीकडे जाण्याचे कारण नव्हते.

३

पश्चिमेकडेही या विषयातील ज्ञान फार जुने नाही. स्टीफन हेल्स याने १७३३ साली घोड्याच्या धमनीत नळी बसवून रक्ताचा दाब प्रत्यक्ष दाखविला. परंतु माणसाच्या दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याचे सुटसुटीत साधन इटलीतील रीवा-रोच्ची याने १८९६ साली सिद्ध केले, आणि नाडीचे ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे ठरविण्याची रीत रशियातील कोरोत्कोव्ह याने १९०५ साली सांगितली. आज प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जो पट्टा आढळतो तो याच कुळातील.

मापन साधले, तरी मापनाचा अर्थ लावण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. १९११ साली या विकारास जर्मन भाषेत जे विशेषण लाविले गेले त्याचे इंग्रजी रूप ‘इसेन्शियल’ असे झाले. मूळ अभिप्राय ‘अन्य कारण न सापडलेला’ एवढाच होता; परंतु त्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘आवश्यक’ असा असल्यामुळे, धमन्या कठीण झालेल्या माणसास वाढलेला दाब आवश्यकच असतो आणि तो उतरविणे अपायकारक होय, या समजुतीला त्या नावाचा आधार मिळाला. १९३० च्या सुमारास मोठमोठे वैद्यही असेच मानीत. शब्दाने ज्ञानाची वाट अडविल्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. या समजुतीचा परिणाम किती दूरवर पोहोचला हे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत होता. १९४५च्या १२ एप्रिल रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला तेव्हा वरचा आकडा ३०० पर्यंत गेला होता. पृथ्वीवरील सर्वांत समर्थ राष्ट्राच्या प्रमुखासही त्या काळी या बाबतीत बीडच्या शेतकऱ्याहून फारसे अधिक काही मिळू शकले नाही.

त्यानंतर मात्र गती आली. १९४८ साली, म्हणजे मराठवाडा मुक्त झाला त्याच वर्षी, अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावातील हजारो रहिवाशांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचा उपक्रम सुरू झाला. कोणाला हृद्रोग होतो आणि कोणाला होत नाही, याची तुलना करता करता रक्तदाब, रक्तातील चरबी, धूम्रपान ही कारणे पुढे आली, आणि १९६१ सालच्या अहवालात ‘जोखमीचे घटक’ ही कल्पना रूढ झाली. १९६७ व १९७० साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून झालेल्या चाचण्यांनी शेवटची शंका फेडली : औषधाने दाब उतरविला असता पक्षाघात खरोखरच टळतो. पुढे २००२ साली जगभरच्या सुमारे दहा लक्ष माणसांची माहिती एकत्र केली असता असे आढळले की, चाळीस ते सत्तर या वयात वरचा आकडा ११५च्या पुढे दर २० ने वाढला म्हणजे पक्षाघाताने मृत्यू येण्याचा संभव सुमारे दुपटीने वाढतो.

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा विसरता येत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील उपयोग प्रसिद्ध केला. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याकडे लक्ष वेधले होते. परंतु जगाचे लक्ष गेले ते वकिलांच्या निबंधानंतर. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. म्हणजे रक्तदाबावरील आरंभीच्या परिणामकारक औषधांपैकी एक औषध जगास मिळाले ते या देशातील वनस्पतीपासून आणि मुंबईतील रुग्णांवरील अनुभवातून. पुढे त्याहून निर्धोक औषधे आली व सर्पगंधा मागे पडली. परंतु ज्ञान मुंबईस होते आणि मुंबईपासून चारशे किलोमीटरांवरील बालाघाटाच्या डोंगराळ गावांत ते पोहोचले नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

४

१९५६ साली बीड जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस मांजरा आणि मध्ये बालाघाटाचे पठार अशी त्याची रचना आहे. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९. नदीकाठचा प्रदेश सोडल्यास पाऊस अनिश्चित, जमीन हलकी, आणि उद्योग तुरळक. १९७०च्या दशकाच्या मध्यास अंबाजोगाई येथे ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्यास पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव देण्यात आले. शहर सोडून तालुक्याच्या गावी वैद्यकीय महाविद्यालय काढण्याची कल्पना त्या काळी अपूर्वच होती, आणि त्या संस्थेने या भागातील रुग्णांची मोठी सोय केली, यात शंका नाही.

परंतु त्याच काळात दुसरी एक घडामोड झाली. १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेला. नंतरच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि ऊस तोडण्यास हात हवे झाले. १९७२च्या दुष्काळाने बालाघाटावरील कुटुंबांना घराबाहेर काढले, आणि या दोन गरजा एकत्र येऊन उसतोडीचे स्थलांतर बीड जिल्ह्याच्या जीवनाचा स्थायी भाग बनले. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. ही माणसे एक-दोन हजारांत नव्हे, लाखांत मोजावी लागतात.

या व्यवसायाची परिभाषा अभ्यासनीय आहे. ‘कोयता’ हे केवळ हत्याराचे नाव नव्हे; नवरा-बायकोच्या जोडीस मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादमाने हंगामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम ती ‘उचल’. कामावर न गेलेल्या दिवसाबद्दल कापला जातो तो ‘खाडा’. राहण्याची पालवजा झोपडी ती ‘कोप’. या चार शब्दांत करार पुरा होतो. त्यात आजारपणासाठी शब्द नाही. जो शब्द आहे, तो खाडा. म्हणजे दवाखान्यात गेलेला दिवस आणि आळसाने बुडविलेला दिवस यांत ही परिभाषा भेद करीत नाही.

५

रक्तदाबाचे वैशिष्ट्य असे की, तो दुखत नाही. ताप आला तर माणूस निजतो. विंचू चावला तर ओरडतो. परंतु १७० पर्यंत दाब असलेला माणूस पहाटे तीनला उठून मोळ्या बांधू शकतो. धमनीच्या भिंतीवर होणारा आघात वर्षानुवर्षे साठत जातो, त्या जाड व ठिसूळ होतात, आणि मग एके दिवशी मेंदूतील एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते अथवा तुंबते. बाहेरून पाहणारास हे एकाएकी आल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच ‘वारे’ हा शब्द टिकून राहिला आहे. त्या शब्दात अनुभवाची खूण खरी आहे. खोटी आहे ती कालगणना. वारे त्या दिवशी आलेले नसते. ते दहा-पंधरा वर्षे वाहत असते.

याच कारणाने हा विकार शोधून काढावा लागतो, तो आपण होऊन दवाखान्यात येत नाही. १९७०च्या सुमारास अमेरिकेत ‘अर्ध्याचा नियम’ सांगितला जाऊ लागला : रुग्णांपैकी निम्म्यांनाच आपल्या दुखण्याची माहिती असते, त्यांपैकी निम्मे औषध घेतात, आणि त्यांपैकी निम्म्यांचाच दाब आटोक्यात येतो. म्हणजे शंभरांतून बारा-तेरा. ग्रामीण भारतातील स्थिती याहूनही बिकट आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संकलनात ग्रामीण भागातील अशा रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांशांनाच आपल्या दुखण्याची जाणीव असल्याचे, आणि दहांतून सुमारे एकाचाच दाब आटोक्यात असल्याचे दिसून आले. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीतून प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह असल्याचा अंदाज पुढे आला. हे आकडे देशाचे आहेत. तथापि बीडसारखा जिल्हा त्यास अपवाद असावा असे मानण्यास काही आधार नाही.

हा श्रीमंतांचा रोग होय, ही समजूत महाराष्ट्रातच खोटी ठरली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी घरोघर जाऊन तपासली, तेव्हा पक्षाघात हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. दर सात मृत्यूंपैकी एक त्याने झाला होता, आणि त्यांपैकी बहुतेकांना मरण आले ते घरी, रुग्णालयात नव्हे. अंगमेहनत करणारा आणि साधे अन्न खाणारा माणूस सुरक्षित असतो, हा विश्वास यानंतर ठेवता येत नाही. मेहनत हृदयाचे काही अंशी रक्षण करते हे खरे. परंतु मीठ, तंबाखू, मिसरी, अपुरी झोप आणि न मोजलेला दाब यांची भरपाई ती करू शकत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. परंतु तंबाखूची पुडी आणि मिसरीची डबी कोपीतून गेलेली नाही. भूक मारावयाची आणि पहाटेच्या थंडीत हात चालते ठेवावयाचे, तर त्यांचाच आधार वाटतो.

६

आता किमतीचा विचार करू. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय गणनेनुसार, २०१२ ते २०३० या काळात असंसर्गजन्य रोग आणि मानसिक विकार यांमुळे भारताचे ४.५८ लक्ष कोटी डॉलरांचे उत्पादन बुडेल, त्यांतील २.१७ लक्ष कोटी एकट्या हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे. असे आकडे राष्ट्राच्या हिशेबास उपयुक्त असतात. परंतु धारूरच्या डोंगरातील घराचा हिशेब त्यातून निघत नाही. तो त्या घराच्याच शब्दांत मांडावा लागतो.

समजा, कोल्हापूरकडील एखाद्या फडात जानेवारीच्या पहाटे एका पन्नाशीच्या पुरुषाची उजवी बाजू लुळी पडली. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्यापूर्वी मेंदूचे छायाचित्र घेऊन रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. फडापासून रस्ता, रस्त्यापासून वाहन, वाहनापासून यंत्र असलेले रुग्णालय : यांतच वेळ संपतो. माणूस वाचला, तर गावी परत आणला जातो. त्या क्षणी पूर्ण कोयता अर्धा होतो. नव्हे, अर्धाही राहत नाही, कारण अंथरुणास खिळलेल्या नवऱ्याची शुश्रूषा करण्यास बायकोलाही घरी राहावे लागते. उचल मात्र कोयत्याच्या नावे दिलेली असल्यामुळे ती कमी होत नाही. अंगावरून वारे जाते, आणि उचल अंगावर राहते. पुढील हंगामात ती फेडण्यास मुलगा जातो, आणि बहुधा त्याची शाळा तेथेच संपते. या किमतीची नोंद कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात होत नाही.

शासनाने खर्चाचा भार उचलला नाही असे नाही. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सबंध राज्यात पसरलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू आहे. तिच्यामुळे हजारो गरीब रुग्णांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होऊ शकल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने धमनीत बसवावयाच्या औषधयुक्त जाळीची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली, तीही मोठीच सवलत होय. परंतु या योजनांचे स्वरूप पाहिले असता ध्यानात येते की, त्यांचा हात रुग्णालयाच्या खाटेपासून पुढे पोहोचतो. जी गोळी रोज घेतली असता खाटेपर्यंत जाण्याचा प्रसंग टळावा, तिची किंमत काही रुपयांपलीकडे नाही, आणि सरकारी केंद्रात तर ती विनामूल्य मिळते. पण तिचे सातत्य राखण्याची जबाबदारी विम्याच्या कोणत्याही कलमात येत नाही. शेवटासाठी लाखाची तरतूद आणि आरंभासाठी रुग्णाच्या सवडीवर भिस्त, असा हा हिशेब आहे.

७

स्त्रियांच्या बाबतीत या किमतीचे आणखी एक रूप बीड जिल्ह्यात उघडकीस आले. उसतोडणीस जाणाऱ्या बायकांमध्ये ‘पिशवी काढून घेण्याचे’, म्हणजे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण विलक्षण असल्याच्या वार्ता २०१९ साली प्रसिद्ध झाल्या. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. खाडा पडू नये, फडात पाणी व आडोसा नसताना मासिक पाळीचा त्रास होऊ नये, आणि पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीस कर्करोगाची भीती घातली गेलेली, अशी कारणे त्यामागे होती.

या घटनेची चर्चा बहुतांशी नीतीच्या व अर्थाच्या अंगाने झाली, आणि ती अवश्य होती. परंतु हृद्रोगाच्या दृष्टीनेही तिचा विचार करावयास हवा. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले, तर स्त्रीची पाळी अकालीच संपते, आणि पंचेचाळिशीपूर्वी असे घडल्यास हृदयविकाराचा संभव वाढतो, हे वैद्यकात मान्य झालेले आहे. निसर्गाने स्त्रीच्या धमन्यांना जे काही वर्षांचे संरक्षण दिलेले असते ते येथे तिशीतच काढून घेतले जाते. ज्या स्त्रीने खाडा वाचविण्यासाठी पिशवी काढली, तिच्या रक्तदाबाची नोंद त्यानंतर वर्षानुवर्षे कोणी ठेवली असेल अशी शक्यता कमीच. म्हणजे आज वाचविलेल्या काही दिवसांच्या मजुरीची किंमत वीस वर्षांनी, व्याजासह, वसूल होण्याची ही तजवीज होय.

८

उपाय ज्ञात आहेत, आणि ते महाराष्ट्रातच यशस्वीही झाले आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतील काही निवडक जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा व वर्धा हे चार जिल्हे होते. त्याची रीत साधी होती : केंद्रात येणाऱ्या प्रत्येक प्रौढाचा दाब मोजावयाचा, ठरलेल्या क्रमाने ठरलेलीच औषधे द्यावयाची, ती साधारणतः महिन्याची एकदम द्यावयाची, आणि जो रुग्ण परत आला नाही त्यास शोधून काढावयाचे. या चार गोष्टींत नवे औषध एकही नाही. नवे आहे ते सातत्य.

परंतु बीडची अडचण नेमकी येथेच आहे. महिन्याची गोळी देणारी व्यवस्था असे गृहीत धरते की, रुग्ण पुढील महिन्यात त्याच गावी असेल. उसतोडणी कामगार पाच-सहा महिने तेथे नसतो. ज्या केंद्रात त्याचे नाव आहे तेथे तो नाही. आणि जेथे तो आहे तेथील केंद्रात त्याचे नाव नाही. ‘परत न आलेला रुग्ण’ म्हणून नोंदवहीत ज्याच्या नावापुढे खूण होते, तो निष्काळजी नसतो. तो फडात असतो. समितीच्या अहवालानंतर हंगामापूर्वी व हंगामानंतर कामगारांची आरोग्यतपासणी व्हावी या मागणीला बळ आले. त्या तपासणीस हंगामभर पुरेल इतक्या गोळ्यांची, दाबाचा आकडा मराठीत लिहिलेल्या कार्डाची आणि कारखान्याच्या परिसरातील केंद्राने ते कार्ड मानण्याच्या बंधनाची जोड मिळाली, तर वर वर्णिलेल्या किमतीचा मोठा भाग टळू शकेल. मुकादमाच्या वहीत उचल एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न चुकता जाते. रक्तदाबाचा आकडाही तसाच जाऊ शकतो.

शेवटी पुन्हा शब्दांकडे येणे प्राप्त आहे. ‘जोखीम’ हा शब्द मराठीत वैद्यकातून आलेला नाही, तो व्यापारातून आलेला आहे. ‘जोखमी हुंडी’ म्हणून हुंडीचा एक प्रकार असे. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत, वाटेत बुडाला तर तोटा हुंडी घेणाराचा. तोटा कोणाचा, हे निघण्यापूर्वीच कागदावर ठरलेले असे. जोखीम म्हणजे केवळ धोका नव्हे. तो कोणी पत्करला आहे याचा करारही त्या शब्दात आहे. ‘जोखमीचे घटक’ असे आजचे वैद्यक म्हणते तेव्हा करारातील हा दुसरा भाग गळून पडतो, आणि घटक जणू केवळ रुग्णाच्या देहात व सवयीत आहेत असे भासू लागते. बीडच्या उसतोडणी कामगाराच्या बाबतीत साखर कारखान्याची, उचल मुकादमाची, आकडा आरोग्य केंद्राचा आणि जोखीम मात्र त्या एकट्याच्या अंगावर, अशी वाटणी झालेली आहे. जिल्ह्याच्या भाषेत ‘वारे’ जाऊन ‘बी.पी.’ हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. म्हणजे कारण कळले आहे. ते कळूनही किंमत पूर्वीच्याच माणसांनी मोजावी, याला यापुढे अज्ञान हे नाव देता येणार नाही.